जुगाराचा परवाना : लगाम कीं भागीदारी ?

सरकारनें जुगार समूळ बंद करावा, कीं त्यास परवाना देऊन आपल्या नजरेखालीं चालूं द्यावा, हा वाद आपल्याकडे दर दहापांच वर्षांनीं नव्यानें उपस्थित होतो व कांहीं दिवस गाजून पुन्हां मावळतो. सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा मंजूर केला, तेव्हांपासून या वादास पुन्हां तोंड फुटलें आहे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, जुगार हा मनुष्यस्वभावाचाच भाग आहे; बंदी केल्यानें तो बंद होत नाहीं, केवळ अंधारांत जातो; तेव्हां तो उजेडांत आणावा, त्याची नोंद ठेवावी, त्यावर कर घ्यावा आणि त्या करांतून शाळा व रुग्णालयें बांधावीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्या धंद्यांत एकाच्या घरीं दिवा लागण्यासाठीं दुसऱ्याच्या घरचा दिवा विझावा लागतो, त्यास सरकारी शिक्का मिळणें हाच अधर्म आहे. या दोहोंपैकीं कोणाचीहि तळी उचलण्यासाठीं आम्हीं आज लेखणी हातीं घेतलेली नाहीं. आमचा प्रश्न याहून साधा व व्यापारी मंडळींच्या चटकन् ध्यानांत येईल असा आहे. परवाना देणारा कोण, आणि परवान्याखालीं चाललेल्या धंद्यांत त्याचा वांटा किती ? पेढीचा हिशेबतपासनीस जर पेढीच्या नफ्यांतला भागीदार असला, तर त्याच्या तपासणीवर कोणी शहाणा सावकार विश्वास ठेवील काय ?

हा प्रश्न आजचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नांवाचा एक स्वतंत्र अधिकारी आहे. त्यानें राज्यांतील जुगार एकाच ठिकाणीं आणावा. अन्यत्र खेळणारास बारा पण दंड करावा. फांसे व कवड्या खऱ्या आहेत हें पाहून त्या स्वतः पुरवाव्या व त्यांचें भाडें घ्यावें. आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच प्रमाणें सरकारचा भाग वसूल करावा, अशी ती व्यवस्था आहे. जुगार एके ठिकाणीं आणण्याचें कारणहि कौटिल्य लपवून ठेवीत नाहीं. चोरून उपजीविका करणारे लोक ओळखूं यावे, हें तें कारण. याच्या अगदीं उलट मनुस्मृति सांगते कीं, राजानें द्यूत आणि प्राण्यांच्या झुंजींवरील पैजा हीं दोन्हीं राज्यांतून हद्दपार करावीं. याज्ञवल्क्यानें पुन्हां मधला मार्ग धरला : अड्डा चालविणाऱ्या सभिकाचें राजानें रक्षण करावें व त्यानें ठरलेला भाग राजास पोंचवावा. तेव्हां परंपरेची साक्ष काढणाऱ्या मंडळींस कोणत्याहि बाजूनें पाहिजे तितका शास्त्राधार मिळण्यासारखा आहे, व तो मिळतो म्हणूनच त्यावर विसंबून निकाल लागणार नाहीं. एक गोष्ट मात्र कौटिल्याच्या पदरीं घातली पाहिजे. त्याला चोरांचा माग हवा होता आणि शेंकडा पांच हवे होते, व तसें त्यानें स्पष्ट लिहून ठेविलें. जुगाराच्या उत्पन्नावर लोककल्याणाची झालर लावण्याची कला त्याच्या काळीं निघाली नव्हती.

इंग्रजी अमलांत आमच्या इलाख्यांत जे कायदे झाले, त्यांत बंदी व परवाना हीं दोन्हीं तत्त्वें शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं. आणि कोणतें तत्त्व कोणास लागूं व्हावयाचें हें बहुधा खेळणाराच्या खिशावरून ठरत गेलें. मुंबईचा जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. त्या काळीं शहरांत पावसावर पैजा लावण्याचा नाद होता. ठराविक वेळांत ठराविक पाऊस पडेल कीं नाहीं, यावर पैसे लागत. १८८९ सालीं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलें, तेव्हां ही पैज कायद्यांतील जुगाराच्या व्याख्येंत बसत नाहीं असें ठरलें. लगेच १८९० सालीं व्याख्या वाढवून सरकारनें आकाशांतील ढगांसहि कायद्याच्या कक्षेंत ओढलें. ठीक झालें. पण घोड्यांच्या बाबतींत हीच तत्परता दिसली नाहीं. १९१२ सालीं शर्यतीच्या मैदानांस परवाना देण्याचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९२५ सालीं तेथील पैजांवर कर बसला. तेव्हां महालक्ष्मीच्या आवारांत लाविलेली पैज हा गुन्हा नव्हे. तीच पैज, त्याच घोड्यावर, त्याच दुपारीं, भिंतीपलीकडच्या गल्लींत लाविली कीं गुन्हा. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें कलम ३० पाहावें. पैजेचा करार रद्दबातल आहे, त्यावर कोर्टांत दावा चालणार नाहीं, असें तें कलम सांगतें. आणि लगेच खालीं, शर्यतींत जिंकणारास द्यावयाच्या पांचशें रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या बक्षिसासाठीं गोळा केलेली वर्गणी तेवढी त्यांतून वगळतें. पांचशेंच्या खालचें मात्र वगळलें नाहीं ! १८७२ सालीं पांचशें रुपये ही काय रक्कम होती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुढें १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असें ठरविलें. घोड्याची कुळी, चाल व स्वार यांचा अभ्यास करून पैज लागते, असें त्याचें समर्थन आहे. असेल. पण गल्लींतला मनुष्य तोच अभ्यास करीत नसेल कशावरून ?

आतां आमच्या स्वतःच्या धंद्याकडे वळूं, कारण शेजाऱ्याच्या घरांतील केर दाखवितांना आपल्या उंबऱ्यावरचा झांकून ठेवणें बरें नव्हे. शब्दकोड्यांच्या स्पर्धा भरवून, प्रवेशशुल्क घेऊन, मोठालीं बक्षिसें वाटण्याचा उद्योग एके काळीं वर्तमानपत्रांतून जोरांत होता. १९४८ सालीं मुंबई सरकारनें सोडती व बक्षीसस्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. तेव्हां हा उद्योग प्रांताच्या हद्दीबाहेर छापलेल्या पत्रांतून चालूं लागला. म्हणून १९५२ सालीं दुरुस्ती करून तींहि पत्रें कराखालीं आणलीं. बंगलोरास निघणाऱ्या एका पत्राच्या चालकांनीं त्याविरुद्ध दाद मागितली. आमचा हा व्यापार आहे, आणि व्यापाराचें स्वातंत्र्य राज्यघटनेनें आम्हांस दिलें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. १९५७ सालीं सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या न्यायपीठानें निकाल दिला कीं, जुगार हा व्यापारच नव्हे; व्यापाराचीं घटनादत्त संरक्षणें त्यास मिळावयाचीं नाहींत. हा निकाल प्रत्येक व्यापाऱ्यानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कापसाचा वा धान्याचा व्यापारीहि धोका पत्करतो, त्यालाहि बुडावें लागतें. पण त्याच्या धोक्यामागें माल असतो, तो माल कोणाच्या तरी गरजेस पडतो, आणि दोन्हीं पक्ष आपापला फायदा पाहून सौदा करूं शकतात. जुगारांत नवें कांहीं उत्पन्न होत नाहीं. या खिशांतलें त्या खिशांत जातें, व जातां जातां अड्डेवाला आपला भाग काढून घेतो.

याच सुमारास, १९५५ सालीं, केंद्र सरकारनें बक्षीसस्पर्धांचा जो कायदा केला, त्याकडे आजच्या वादांत कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. वस्तुतः आमच्या मतें सर्वांत शिकण्यासारखा तोच आहे. एका महिन्यांत हजार रुपयांहून अधिक किंमतीचीं बक्षिसें ठेवावयाचीं नाहींत. त्या मर्यादेच्या आंतहि परवाना घ्यावयाचा. एका स्पर्धेस दोन हजारांहून अधिक प्रवेशपत्रिका स्वीकारावयाच्या नाहींत. आणि हिशेब ठेवावयाचा. झालें. खेळणाऱ्यास तुरुंगांत घातलें नाहीं, कोडें सोडविण्याची गंमत बंद केली नाहीं. केवळ त्यांतून श्रीमंत होण्याची वाट बुजविली. तिजोरीस त्यांतून कांहींच मिळण्याजोगें नव्हतें, आणि म्हणूनच तो लगाम खराखुरा होता. रकमेवर मर्यादा घालणें एक आणि रकमेवर कर घेणें दुसरें. मर्यादा घालणाऱ्यास खेळ लहान झाला तर आनंद होतो. कर घेणाऱ्यास खेळ वाढला तर.

ही दुसरी वृत्ति सरकारांच्या अंगीं कशी मुरत गेली, हें पुढील इतिहासावरून दिसतें. केरळ सरकारनें १९६७ सालीं सरकारी लॉटरी सुरू केली. महाराष्ट्रानें १९६९ च्या एप्रिलमध्यें तिचें अनुकरण केलें. मुंबईंत तेव्हां न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतील आंकड्यांवरून उत्पन्न झालेला व पुढें चिठ्ठ्या-पत्त्यांवर आलेला मटका गिरणगांवांत घरोघर पोंचला होता. लोकांस त्यापासून परावृत्त करण्यासाठीं सरकारी सोडत हवी, असें तिचें समर्थन होत आलें आहे. लॉटरी राहिली, मटकाहि राहिला. ज्यानें दोन आणे मटक्यावर लावावयाचे तो रुपया लॉटरीवरहि लावूं लागला, इतकाच कित्येक घरांत फरक पडला. सरकार जेव्हां स्वतः तिकिटें विकतें, तेव्हां तें जुगाराचा नियंता राहत नाहीं. त्या पेठेंतील आणखी एक दुकानदार होतें, आणि त्याच्या दुकानावर राजमुद्रा असल्यामुळें भोळ्या गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र अधिक बसतो.

गोव्याची कथा याहून बोलकी आहे. १९७६ सालीं गोव्यांत सार्वजनिक जुगारास बंदी करणारा कायदा झाला. त्याच सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें उलट कॅसिनोंस परवाना देणारा कायदा मंजूर केला ! परिणाम मात्र दोन्हींकडे नांवाच्या विरुद्ध झाला. महाराष्ट्राचा कायदा कधींच अमलांत आला नाहीं. सत्तेचाळीस वर्षें कागदावर निजून राहिल्यावर २०२३ सालीं तो रद्द करण्याचें मंत्रिमंडळानें ठरविलें. गोव्यांत बंदीच्या कायद्यासच १९९२ सालीं एक ठिगळ लागलें, कीं पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळ चालावे. १९९६ सालीं दुसरें लागलें, कीं जहाजांवर पटावरचे खेळहि चालावे. आणि आतां मांडवीच्या पात्रांत रात्रीं जो झगझगाट दिसतो तो या दोन ठिगळांचा. बंदीचें वस्त्र मुळांत कोणत्या रंगाचें होतें हें ओळखूं येऊं नये, इतकीं तीं ठिगळें मोठीं झालीं.

बरें, हा धंदा जर निर्दोष करमणुकीचा आहे, तर १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांस या कॅसिनोंत प्रवेश बंद कां करण्यांत आला ? आपल्या लेकरांस ज्या पंक्तींत बसूं द्यावयाचें नाहीं त्या पंक्तींत पाहुण्यांस आग्रहानें वाढावयाचें, ही कोणत्या घरची रीत ? पाहुणा पुण्याचा असो, बेळगांवचा असो वा सुरतेचा, त्याच्यामागेंहि दुकान आहे, घर आहे. आणि या कॅसिनोंवर देखरेख ठेवण्यासाठीं जो नियंत्रक नेमण्याचें त्या वेळीं ठरलें, तो कोण ? राज्याचा करआयुक्त. आम्हांस कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीविषयीं शंका घ्यावयाची नाहीं. पण ज्याच्या कामगिरीचें माप वसुलीच्या आंकड्यानें व्हावयाचें, त्याच्याच हातीं वसुली घटविणारी कात्री द्यावयाची, ही व्यवस्थाच सदोष आहे. त्या खुर्चीवर कोणी ऋषि बसविला तरी ती सुधारावयाची नाहीं.

विलायतेंतहि हेंच घडलें. तेथें १९६० च्या कायद्यान्वयें पैजांच्या दुकानांस परवाने मिळाले व १९६१ च्या मे महिन्यापासून तीं उघडपणें चालूं लागलीं. पुढें त्या दुकानांतून अशीं यंत्रें आलीं कीं, ज्यांवर एका डावास शंभर पौंडांपर्यंत लावतां येत. गरीब वस्त्यांतून हाहाकार झाल्यावर ही मर्यादा दोन पौंडांवर आणण्याचें २०१८ सालीं ठरलें. परंतु अंमलबजावणी पुढें ढकलली जात आहे असें पाहून त्या खात्याच्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनीं राजीनामा दिला. तेव्हां कोठें एप्रिल २०१९ पासून नवी मर्यादा लागूं झाली. आणि खजिन्यास येणारी तूट भरून काढण्यासाठीं ऑनलाइन जुगारावरील कर शेंकडा पंधरावरून एकवीसवर नेण्यांत आला. म्हणजे एका अड्ड्यावरचा भार दुसऱ्या अड्ड्यावर. ज्या राष्ट्रांत स्वतंत्र जुगार आयोग आहे तेथें ही अवस्था. मग आमच्याकडे काय?

आमच्याकडे काय झालें तें ताजेंच आहे. सिक्कीमनें २००८ सालीं व नागालँडनें पुढें ऑनलाइन खेळांस परवाने देण्याचे कायदे केले. इतर राज्यांनीं कोणी बंदी केली, कोणी डोळे मिटले. १ ऑक्टोबर २०२३ पासून केंद्रानें व राज्यांनीं मिळून या खेळांत लाविलेल्या संपूर्ण रकमेवर शेंकडा अठ्ठावीस वस्तु व सेवा कर बसविला. नामांकित नट व क्रिकेटपटू जाहिरातींतून लोकांस बोलावीतच होते. आणि दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत, ऑगस्ट २०२५ मध्यें, त्याच केंद्र सरकारनें संसदेंत सांगितलें कीं, पंचेचाळीस कोटि लोक या खेळांपायीं दरसाल सुमारें वीस हजार कोटि रुपये गमावीत आहेत. सबब खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटि रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्यास शिक्षा नाहीं, ही त्या कायद्यांतील सुज्ञपणाची गोष्ट आहे, व तिचें आम्ही मनापासून स्वागत करितों. परंतु ज्या काळांत कर घेतला, त्या काळांत या कोट्यवधि कुटुंबांचा पहारेकरी कोण होता ?

परवान्याच्या बाजूनें एक मुद्दा आहे, व तो आम्ही दडपूं इच्छीत नाहीं. बंदीच्या राज्यांतहि भागीदार असतो. केवळ तो तिजोरीऐवजीं चौकीवर बसतो. मटक्याचा अड्डा ज्या गल्लींत तीस वर्षें चालतो, तेथील शेंबड्या पोरासहि जें ठाऊक आहे तें केवळ सरकारी दप्तरास ठाऊक नसतें, हें कोण खरें मानील ? परवानापक्षाचें म्हणणें असें कीं, हा हप्ता उघड होऊन खजिन्यांत जमा झाला तर काय वाईट ? आमचें उत्तर : हप्ता घेणारा शिपाई निदान पकडला जाऊं शकतो. अंदाजपत्रकांत शिरलेला हप्ता पकडावयाचा कोणी ? त्यावर शिक्षकांचे पगार ठरलेले असतात, रस्त्यांचीं कंत्राटें दिलेलीं असतात; तो कमी करा म्हणणारा मनुष्य शाळेचा शत्रु ठरतो.

विधि आयोगानें जुलै २०१८ च्या आपल्या २७६ व्या अहवालांत बंदीच इष्ट म्हटली होती. ती शक्य नसेल तर व्यवहार रोखीनें होऊं नयेत, खेळणाऱ्याचें नांव आधार व पॅन यांशीं जोडलेलें असावें, त्यानें किती वेळां व किती खेळावें यास मर्यादा असावी, आणि अल्पवयी व सरकारी साहाय्यावर जगणारे लोक यांस दूर ठेवावें, असें सुचविलें होतें. सूचना चांगल्या आहेत, पण नियंत्रकाच्या भागीदारीचा प्रश्न त्यांनीं सुटत नाहीं. त्यासाठीं सिंगापूरकडे पाहावें. तेथें कॅसिनोंस परवाना आहे. परंतु तेथील नागरिकास आंत पाऊल टाकावयाचें तर दिवसाचे शंभर डॉलर प्रवेशशुल्क होतें, तें २०१९ सालीं दीडशें केलें, आणि तें शुल्क सर्वसाधारण खजिन्यांत न जातां लोकोपयोगी व धर्मादाय कार्यासाठीं असलेल्या एका मंडळाकडे जातें. याहून महत्त्वाचें म्हणजे, ज्याच्या व्यसनापायीं घर बुडत आहे त्याच्या पत्नीस, आईबापांस वा मुलांस अर्ज करून त्याच्यावर कॅसिनोंचें दार बंद करवितां येतें. आमच्या कायद्यांत सरकार आहे, अड्डेवाला आहे, खेळणारा आहे. जिचें मंगळसूत्र गहाण पडतें ती कोठेंच नाहीं. आमच्याकडे पत्नीनें दार ठोठावावयाचें तर तें पोलिसचौकीचें, आणि तेंहि नवरा घर सोडून गेल्यावर.

म्हणून गोव्याच्या, महाराष्ट्राच्या व ज्या ज्या राज्यांत परवाने आज चालूं आहेत तेथील लोकप्रतिनिधींस आमची मागणी आहे कीं, परवाना देण्याचें, मर्यादा घालण्याचें व परवाना काढून घेण्याचें काम करवसुलीच्या खात्याकडून काढून न्यायखात्यांतील अधिकाऱ्यांच्या स्वतंत्र मंडळाकडे द्यावें. कुटुंबीयांच्या अर्जावर प्रवेश बंद करण्याचा अधिकार त्या मंडळास असावा. जुगाराचें उत्पन्न सर्वसाधारण जमेंत न मिसळतां वेगळें दाखवावें, व तें कोणत्याहि चालू खर्चास बांधूं नये. आणि प्रत्येक परवानाधारकानें वर्षाकाठीं एक ताळेबंद छापावा, ज्यांत आपण कर किती भरला याच्या शेजारींच, आपल्या दारांतून किती माणसें हरून गेलीं व किती रुपये हरून गेलीं, हेंहि लिहिलेलें असेल. कंपन्या हिशेब ठेवितातच. प्रत्येक पैशाची नोंद त्यांच्यापाशीं आहे. व्यापाऱ्यांच्या ज्या संस्था दरवर्षीं अंदाजपत्रकावर सरकारास निवेदनें पाठवितात, त्यांनीं येत्या निवेदनांत हें एक कलम घालावें.